पंख्यावरचं नाव

मिरजेच्या आमच्या चर्चमध्ये
बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर जो पंखा आहे
तो मी दिला.
सतारीच्या भोपळ्यावर वेलबुट्टी काढणाऱ्या दस्तगीरभाईंकडून
लाल रंगात लिहून घेतलं:
पहिल्या पात्यावर, कै. यशायाह केरबा मधाळे.
दुसऱ्यावर, यांच्या स्मरणार्थ.
तिसऱ्यावर मी.
सुमित्र यशायाह मधाळे, निवृत्त शाखाधिकारी.

'शाखाधिकारी' काही मावेना.
साहेब, हुद्दा गाळू का? दस्तगीरभाईंनी विचारलं.
म्हटलं, नाव बारीक करा, हुद्दा राहू द्या.

वडील मिशन हॉस्पिटलात ट्रॉली ढकलायचे.
छत्तीस वर्षं. कागदोपत्री वॉर्डबॉय,
केस पिकले तरी बॉय.
पहाटेच्या गाडीनं कर्नाटकातून आलेले पेशंट
भेदरून कायबाय विचारायचे,
वडिलांना कन्नड येत होतं दोन शब्दांपुरतं:
बंतु, बंतु. आलंच, आलंच.
थिएटरकडचा उतार लागला
की ते ट्रॉलीच्या पुढं होत आणि उलटे चालत.
उलटे का, मी एकदा विचारलं.
म्हणाले, निजलेल्या माणसाला नुसतं छत दिसतं रे.
एखादं तोंड तरी दिसावं.

बँकेच्या अर्जात रकाना होता, वडिलांचा व्यवसाय.
मी लिहिलं, आरोग्यसेवा.

उपवासकाळातला चौथा रविवार.
पाळकसाहेब नम्रतेवर बोलत होते
आणि मी मान हलवत होतो,
माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघातिघांना
हे ऐकायची फार गरज होती म्हणून.
तेवढ्यात लाईट गेली.

पंखा हळू झाला. हळू. थांबला.
गायनाची पुस्तकं हलू लागली गालांशी,
आणि वर, एवढ्या उकाड्यात,
माझं नाव स्वच्छ, स्थिर, लाल.
आवळ्यांची नात नुकतीच वाचायला शिकलेली.
तिनं मोठ्यानं लावलं:
नि, वृ, त्त. शा, खा, धि…
तिथं अडली. पुन्हा पहिल्यापासून.
पाळकसाहेबसुद्धा थांबले, पोर पुरं करील म्हणून.
कुणीतरी खुदकन हसलं.
पंख्याच्या बरोब्बर खाली बसलेली शलोमीबाई,
दम्याची, नव्वदीची, पदरानं वारा घेत म्हणाली,
नाव ऱ्हाऊ दे गं बाई, वारं कुठाय?

लाईट आली.
पाती फिरली, अक्षरं एकमेकांत विरघळली,
वडील, स्मरण, मी, हुद्दा,
सगळ्याचं मिळून एक फिकट तांबूस कडं झालं
आणि शलोमीबाईच्या कपाळावरची बट उडाली.
तिनं डोळे मिटले.
पंखा चालू असताना त्याच्यावर काय लिहिलंय
हे देवालाही वाचता येत नसेल,
असं काहीतरी माझ्या मनात आलं,
आणि प्रवचनातलं पुढचं काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी ठरवलं, नाव खरवडून काढायचं.
रॉकेल, चिंधी, स्टूल. सगळी तयारी.
मग दिसलं, मी स्टुलावर कसा दिसेन ते.
खाली पंचमंडळी, कुणीतरी म्हणतंय,
बघा, मधाळेसाहेबांनी स्वतःचं नाव स्वतः पुसलं.
आणि ते ऐकायला मी कान टवकारलेले.

चिंधी परत मोरीत टाकली.

हल्ली मी चर्चला लवकर जातो.
चावी आणणारा एलीशा येतो, मी येतो.
आणखी कुणी यायच्या आत ते बटण दाबतो.
ही नम्रता की निव्वळ लाज, मला ठरवता येत नाही.
शलोमीबाई रिक्षातून उतरते,
तिला दोन पायऱ्या चढायच्या असतात.
मी तिचे दोन्ही हात धरतो
आणि, पायरी बघायची सोडून,
उलटा चढतो.

कोण रे तू? ती दर रविवारी विचारते,
मोतीबिंदू पिकलाय तिचा.
यशाबाचा पोरगा, मी सांगतो.
एवढंच. ते मावतं.